न चालणारी गोगलगाय

१

अमरावतीत समुद्र नाही, ही गोष्ट अश्विन तायडेला लहानपणीच कोणीतरी नीट समजावून सांगायला हवी होती, असं त्याची बायको दीपमाला म्हणायची. ते राहून गेलं आणि राजापेठेतल्या त्यांच्या घरात, हॉलच्या भिंतीला लागून, चार फूट लांबीचा समुद्र येऊन बसला. जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी मासे, एक झिंगा, वर निळे दिवे, खाली लाकडी कपाटात पंप. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना त्या समुद्राला मात्र सव्वीसच लागायचे. घरातली माणसं कूलरवर भागवायची आणि माशांना पाणी गार ठेवणारा चिलर. आमच्याकडे सगळ्यात लाडाचं कोण हे पाहुण्याला विचारावं लागत नाही, असंही दीपमाला म्हणायची. पूर्वी हे ती हसून म्हणायची.

अश्विनची बँकेची नोकरी, बदली अकोल्याला. सोमवार ते शुक्रवार तो तिकडे खोली करून राहायचा आणि शनिवारी यायचा. त्यामुळे हौस त्याची आणि समुद्र दीपमालाच्या गळ्यात. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तिला ते जमायचं, आणि आता तर सुट्ट्याच होत्या. सकाळी काच पुसायची. आदल्या दिवशी जितकं पाणी उडालं तितकं शुद्ध पाणी वरून घालायचं. मग छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर एक थेंब टाकून खारेपणा पाहायचा. उन्हाने उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून शुद्ध पाणी घातलं की खारेपणा पुन्हा जागेवर यायलाच हवा. वर्गात मुलींना शिकवते तितकं ते सोपं होतं.

एप्रिलच्या शेवटी नागपूरच्या एका मित्राने अश्विनला प्रवाळाचा तुकडा दिला, आणि त्याच्याबरोबर फुकटचे पाहुणे आले. पंधरा दिवसांत दगडांवर पांढऱ्या नळ्या उगवल्या. बोटाच्या पेराहून लहान, पण खडूसारख्या टणक. दीपमालाने अश्विनला व्हिडिओ कॉल लावून त्या दाखवल्या.

"गोगलगाय आये ते," अश्विन म्हणाला.

"हे? हे तर खिळे ठोकल्यासारखं दिसून राह्यलं. चालते कुठं?"

"चालतच नाई. एकदा दगडाले चिकटली का जिंदगीभर तिथंच. बसल्या जागी नळी बांधते अन् तोंडातून धागा सोडते. पंप बंद कर अन् पाह्य."

तिने पंप बंद केला. पाणी स्थिर झालं तेव्हा प्रत्येक नळीच्या तोंडातून लोंबणारा बुळबुळीत, पारदर्शक धागा तिला दिसला. थोड्या वेळाने एकेक धागा सावकाश आत ओढला जाऊ लागला, त्याला जे जे चिकटलं होतं ते सगळं घेऊन.

"वाढू देल्लं तर कोरल मरतीन सारे," अश्विन म्हणाला. "सुपरग्लू घे. एकेकीच्या तोंडावर एक थेंब ठेव."

"म्हंजे मारायचं नाई?"

"मारायची गरजच काय? तोंड बंद केलं का काम झालं."

नेटवर्क गेलं का, असं अश्विनने दोनदा विचारलं.

२

त्याच दुपारी ती कोपरापर्यंत हात घालून बसली आणि नळ्यांची तोंडं बंद करत गेली. तोंड बंद ठेवायचं काम तिला नवीन नव्हतं. वर्ष झालं, ती तेच करत होती.

तिचे सासरे, पंजाबराव, एसटीत कंडक्टर होते. गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणीच खारट, आणि ते पिऊनच त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. म्हातारपणी किडन्या थकल्या तेव्हा डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि पाणी दिवसाला एक लिटर, थेंबभर जास्त नाही, असं बजावलं. दीपमाला रोज सकाळी एक बाटली भरून त्यांच्या पलंगाशेजारी ठेवायची. ती पाणी भरायची बाल्कनीतल्या निळ्या झाकणाच्या कॅनमधून. बाल्कनीत माशांसाठी दोन कॅन असायचे. निळ्या झाकणाचा शुद्ध पाण्याचा, लाल झाकणाचा मीठ कालवलेल्या पाण्याचा. बाबांना निळ्यातलंच दे, त्यात काहीच नसतं, हे अश्विननेच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका संध्याकाळी तिने दोन्ही झाकणं घासून धुतली आणि उलटीपालटी लावली. एवढंच झालं.

निळं झाकण आता ज्याच्यावर गेलं होतं त्या मिठाच्या कॅनमध्ये तेव्हा तळाशी उरलेल्या खाऱ्या पाण्यावर शुद्ध पाणी भरून ठेवलेलं होतं, मीठ कालवायचं बाकी होतं. म्हणजे समुद्राइतकं नाही, पण खारंच. सकाळी बाबांनी पहिला घोट घेतला आणि ते म्हणाले, "आज गावचं पानी आनलं काव माय?" ती निकालपत्रकं लिहीत होती. म्हातारपणी माणूस गावाकडचं बोलतो, तसं ते बोलत असतील असं तिला वाटलं. बारापर्यंत बाटली संपली आणि बाबा पाणी मागू लागले.

"आजचं संपलं बाबा. आता उद्या."

"घोटभर दे ना व माय."

"डॉक्टर काय म्हनले ते माहीत हाय ना तुमाले?"

घोटभर दे, दीपमाला, घोटभर दे. दोन वाजता, अडीच वाजता, तीन वाजता. शेवटी तिने त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि हॉलमधला कूलर मोठा केला, म्हणजे ऐकू यायला नको. पाच वाजता दार उघडलं तेव्हा ते पलंगाच्या कडेवर बसलेले होते, ओठ पांढरे पडलेले, आणि त्यांनी तिला ओळखलं नाही.

रात्रीच्या कपड्यांची पिशवी भरायला ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हा तिला बाल्कनीतली झाकणं दिसली. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. मग कॅन मोरीत ओतला, झाकणं जागच्या जागी लावली, बाटली तीनदा घासली आणि पिशवी घेऊन परत गेली. तोवर अकोल्याहून भाऊ-बहीण दोघंही येऊन पोचले होते. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये अश्विन त्याच्या मोठ्या बहिणीवर, ललिताताईंवर, ओरडत होता. अंगात मीठ वाढलंय, काय खाल्लं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि आदल्याच दिवशी ताई अकोल्याहून येऊन गेल्या होत्या. बापाला आवडतं म्हणून कैरीचं लोणचं घेऊन आल्या होत्या. बाबांनी दोन फोडी खाल्ल्या होत्या.

"तूच मारशीन त्याले!" अश्विन म्हणत होता. ताई रडत होत्या. एक शब्दही बोलत नव्हत्या.

एका वाक्याचं काम होतं. दीपमाला हातात पिशवी धरून उभी राहिली आणि ते वाक्य तिने म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा गेले आणि मग ते म्हणणं अवघड होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ताई परक्यासारख्या मागे बसल्या आणि न जेवता निघून गेल्या, तेव्हा ते आणखी अवघड झालं. अश्विनची अकोल्यातली खोली ताईंच्या घरापासून चार गल्ल्यांवर होती. तो खानावळीत जेवायचा, पण वर्षभरात एकदाही बहिणीच्या दारात गेला नाही.

लोणच्यातही मीठ असतंच की, असं दीपमाला स्वतःला सांगायची. वयही झालं होतं, डॉक्टरही म्हणाले होते की हे कधीतरी होणारच होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला इतकी कारणं सहज सापडतात. तिला एकही पटायचं नाही.

३

नळ्यांची तोंडं बंद केल्याला तीन दिवस झाले असतील. भांडीफरशी करणाऱ्या पार्बताबाई सकाळी फडकं आपटत म्हणाल्या, "बाई, रोज रोज काय सांडवता वं इथं? पुसू पुसू कंटाळली मी."

"काय सांडलं?"

"हे काय. पाहा ना."

काचेच्या पेटीच्या वरच्या कडेपासून एक पांढरी रेघ निघाली होती. सुतळीपेक्षा बारीक. काचेवरून खाली उतरून, लाकडी कपाटावरून, फरशीवरून ती सरळ गेली होती. मधे कुठे वळली नव्हती, सोफ्याच्या पायालाही अडली नव्हती, त्याच्यावर चढून पलीकडे उतरली होती. हॉल ओलांडून ती बाबांच्या खोलीच्या बंद दाराखाली गेली होती.

"चिकट हाय," पार्बताबाई म्हणाल्या. "गोगलगाय गेल्यावानी."

दीपमालाने वाकून बोट फिरवलं आणि, का ते तिलाही कळलं नाही, जिभेला लावलं. मीठ होतं.

पेटीच्या कडांवर मीठ साचतं हे तिला ठाऊक होतं. पाणी उडालं की मागे पांढरं राहतं. पण ते कडांवर राहतं, फरशीवरून चालत जात नाही. आणि गोगलगायीचं म्हणाल तर, या घरातल्या गोगलगायी चालणाऱ्या नव्हत्या. तिने भिंग आणून नळ्या पाहिल्या. एकेका तोंडावर गोंदाचा थेंब घट्ट बसलेला होता.

"त्या खोलीतबी पुसू का?" पार्बताबाईंनी कडीला हात घातला.

"नको," दीपमाला जरा मोठ्याने म्हणाली. "तिथं काई नाई. राहू द्या."

पार्बताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि बादली उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

४

रोज सकाळी रेघ असायची. पार्बताबाई पुसायच्या आणि बडबडायच्या. दीपमालाने ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि कदाचित जमलंही असतं, पण ती मापं घेणारी बाई होती.

एरवी समुद्राला रोज दीड लिटर शुद्ध पाणी घालावं लागायचं. आता अडीच लागू लागलं. ऊन वाढलंय, तिने स्वतःला सांगितलं. पण ऊन वाढून पाणी जास्त उडालं असेल, तर शुद्ध पाणी घातल्यावर खारेपणा जागेवर यायला हवा होता. तो रोज थोडा थोडा खाली उतरत होता. तिने यंत्र धुतलं, पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दिवशी परत पाहिलं. म्हणजे पाणी नुसतं उडत नव्हतं, जाताना मीठही घेऊन जात होतं. आणि मिठासकट पाणी जायच्या दोनच रीती आहेत. एक तर ते गळतं, नाहीतर कोणीतरी काढून नेतं.

तिने कपाट रिकामं करून आत वर्तमानपत्रं अंथरली. संध्याकाळी काढून पाहिली तर कोरडी ठणठणीत. मग तिने काचेवर स्केचपेनने पाण्याच्या पातळीची खूण केली आणि तासातासाला पाहिलं. सकाळी आठ ते बारा, पातळी जवळपास तिथेच. संध्याकाळी पाचनंतरही तिथेच. जास्तीचं पाणी जात होतं ते मधल्या वेळात. बारा ते पाच.

तिने खुणा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. हात धुतले. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती बराच वेळ उभी राहिली, आणि रोज जास्तीचं जाणारं ते एक लिटर म्हणजे किती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी ती घरात एकटीच असायची. राजापेठ त्या वेळात सामसूम होते. ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या थांबतात, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. घरात कूलरचा आवाज तेवढा भरून राहतो. आता त्या आवाजाखाली दुसरा काही आवाज आहे का, असं तिला वाटायचं. कूलर बंद केला की काहीच ऐकू यायचं नाही. सुरू केला की पुन्हा वाटायचं. ऐकू येऊ नये म्हणूनच तो एकदा मोठा केला होता, हे तिच्या मनातून जाईना. चौथ्या दिवसापासून ती कूलर न लावता घामाघूम होऊन बसायला लागली.

शनिवारी अश्विन आला. त्याने रेघ पाहिली, पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कडेवरून पाझरत असन," तो म्हणाला. "जास्तीचं डोकं नको लावू. नळ्या मेल्या ना, मंग झालं."

मग तो कागद घेऊन बसला. पुढच्या शनिवारी बाबांचा पहिला स्मृतिदिन. संध्याकाळी घरीच वंदना, भंतेजी येणार, साठ-सत्तर माणसांचं जेवण. तो नावं लिहीत होता. दीपमाला त्याच्यासमोर बसून वाट पाहत होती. नाव आलं नाही.

"ललिताताई?" तिने विचारलं.

"तिचं नाव काढू नको."

"बापाचा स्मृतिदिन आये अहो. तिले नाई बोलावनार?"

"ज्या हातानं लोनचं चारलं त्या हातानं फुलं वाहीन का ते?" त्याचा आवाज चिरकला. तो रडू आवरत होता, हे तिला दिसलं. "डॉक्टरनं बजावलं होतं. सारं माहीत होतं तिले. मी नाई विसरू शकत."

ते वाक्य पुन्हा तिच्या जिभेवर आलं. समोर नवरा बसलेला, हातात पेन, डोळे भरलेले. यापेक्षा बरी वेळ येणार नव्हती.

"चहा ठेवू?" दीपमाला म्हणाली.

रात्री तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने अश्विनकडे पाठ केली आणि उशीत तोंड दाबून धरलं.

५

बुधवारी दुपारी तिने ललिताताईंना फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा.

"बोल दीपमाला," ताई म्हणाल्या, जणू कालपरवाच बोलणं झालं होतं.

"ताई, शनिवारी या तुमी."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"अश्विननं सांगतलं?"

"नाई. मी म्हनून राह्यली. दुपारच्या बसनं या. ते सामान आनाले बाहेर जातीन. मले तुमच्याशी बोलायचं हाय."

"काय बोलायचं हाय?"

"आल्यावर सांगीन."

"फोनवर नाई सांगता येत?" ताईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट खूप जपून विचारल्यासारखं वाटलं.

दीपमालाची नजर फरशीवर गेली. रेघ ओली होती. आतापर्यंत ती तिला सकाळीच दिसायची, वाळलेली. आता भर दुपारी ती चमकत होती, आणि नीट पाहिल्यावर तिला कळलं की रेघ सरकते आहे. पेटीकडून दाराकडे. नळीतल्या गोगलगायीचा धागा आत ओढला जातो त्याच सावकाशीने.

"नाई सांगता येत, ताई," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सोफ्यावर पाय वर घेऊन ती पाच वाजेपर्यंत बसून राहिली.

६

शनिवारी अश्विन एक वाजता सतरंज्या आणि जेवणाचं पाहायला गेला. दीडला ललिताताई आल्या. वर्षभरात त्या पाच वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. हातात फुलांची पुडी आणि एक छोटी बॅग. बाबांच्या फोटोला हात जोडून त्या तिथेच हॉलमध्ये भिंतीला टेकून बसल्या.

"किती उकडून राह्यलं वं. कूलर काहून बंद हाय?"

दीपमालाने कूलर लावला. पाणी दिलं. ताईंनी एका दमात अर्धा ग्लास प्यायला आणि ग्लास हातात धरूनच म्हणाल्या, "बोल. काय बोलायचं होतं?"

"जेवन झालं का तुमचं?"

"झालं."

"प्रवासानं थकल्या असान. जरा पडा. मंग बोलू."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पदर डोक्याखाली घेऊन कूलरसमोर आडव्या झाल्या. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. दीपमाला शेजारी बसून राहिली आणि स्वतःला शिव्या देत राहिली. बोलावून घेतलं, समोर बसवलं, तरी नाही. अर्ध्या तासात अश्विन येईल, बहिणीला पाहील आणि पुन्हा तेच बोलेल, आणि ही बाई पुन्हा तसंच ऐकून घेईल. हे सगळं आपल्यामुळे.

तीन वाजले असतील. कूलरच्या आवाजाखाली काहीतरी होतं. या वेळी तिला शंका आली नाही.

धागा पेटीवरून उतरला होता. ओला, पारदर्शक, आतून बारीक थेंब पुढे सरकत असलेला. ताईंच्या पायांपासून वीतभर अंतरावरून तो गेला होता. दीपमाला उठली. धाग्याच्या कडेकडेने चालत बाबांच्या खोलीपाशी आली. वर्षभर न काढलेली कडी तिने काढली.

खिडकीला उन्हासाठी लावलेला पुठ्ठा अजून तसाच होता. आत काळोख नव्हता, तपकिरी उजेड होता. पलंग, गादी, भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या मे महिन्याचं. बंद खोलीचा कोंदट वास यायला हवा होता, पण वास येत होता ओल्या खाऱ्या दगडांचा.

धागा उंबऱ्यावरून आत गेला होता, फरशीवरून पलंगापर्यंत. तिथे तो संपत असेल असं तिला वाटलं होतं. पलंगाच्या कडेपाशी तो फरशी सोडून वर चढला होता. कशाचाही आधार न घेता, सरळ वर. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तितक्या उंचीवर त्याचं टोक होतं. गादीची कड खाली दबलेली होती. धागा ताणलेला होता, आणि त्या टोकात तो एकसारखा नाहीसा होत होता.

पळावं असं दीपमालाला वाटलं नाही. तिला रडू फुटलं.

"बाबा," ती म्हणाली. "झाकनं मी उलटी लावली होती. ते पानी खारं होतं. तुमी मागून राह्यले होते अन् मी दार लावलं. लोनच्यानं काई नाई झालं बाबा. मी केलं. माफ करा मले. माफ करा."

धागा थांबला नाही. वेगही बदलला नाही. जणू ती बोललीच नव्हती.

"त्यांले सांगून काय फायदा?"

ललिताताई तिच्या मागे उभ्या होत्या. पलंगाकडे त्या पाहत नव्हत्या. दीपमालाच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"बाबाले माहीत होतं, दीपमाला. त्यांनी त्या दिवशी दुपारी मले फोन केल्ता."

७

ताईंनी तिला दंडाला धरून हॉलमध्ये आणलं. खोलीचं दार उघडंच राहिलं.

"म्हने, ललिता, आज पानी खारं हाय. मी म्हनलं, मंग दीपमालाले सांगा ना. तर म्हने, ते पोरगी सकाऊनपासून राबून राह्यली, तिच्या मनाले लागीन, तू बी तिले म्हनू नको." ताईंनी डोळे पुसले. "मले वाटलं, गावच्या आठवनीत बोलून राह्यले. मीबी कानाडोळा केला. मंग पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाल्कनीत ते दोन कॅन पाह्यले, एकात खारं पानी, अन् समजलं मले."

"तुमाले वर्षभर माहीत होतं?"

"होतं."

"ते तुमाले एवढं बोलले. मंग काहून नाई सांगतलं तुमी?"

"बाबानं नको म्हनलं होतं. अन् मले वाटलं, तूच सांगशीन." ताईंचा आवाज अगदी साधा होता. "आज सांगन, उद्या सांगन. अशोक विजयादशमी गेली, चौदा एप्रिल गेला. तुह्या फोनची वाट पाहून राह्यली होती मी. बुधवारी आला तवा वाटलं, सुटली एकदाची."

दीपमालाला त्यांच्याकडे पाहवेना. एखादीने कानाखाली वाजवली असती तर ते सोपं गेलं असतं.

बाहेर गाडी थांबली. फाटकाचा आवाज झाला. अश्विन दोन्ही खांद्यांवर सतरंज्या घेऊन दारात आला आणि बहिणीला पाहून तिथेच थांबला.

"हिले कोनं बोलावलं?"

ललिताताई खाली वाकल्या आणि त्यांनी आपली बॅग उचलली. दीपमालाकडे पाहिलंही नाही. त्या दाराकडे दोन पावलं चालल्या, आणि ती दोन पावलं पाहताना दीपमालाला कळलं की ही बाई आताही काही सांगणार नाही, उद्याही नाही, मरेपर्यंत नाही.

"मी बोलावलं," दीपमाला म्हणाली. "ताई, थांबा. अहो, बसा तुमी. बाबा लोनच्यानं नाई गेले."

"काय?"

ती पुढचं बोलणार तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. कोणीतरी पाणी पीत होतं. फार तहानलेला माणूस पितो तसं, मधे श्वासही न घेता, घोटामागून घोट. अश्विनच्या खांद्यावरची सतरंजी घसरून खाली पडली. तो उघड्या दाराकडे वळला.

"कोन हाय तिथं?"

ललिताताईंनी त्याचा हात घट्ट धरला. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"तिकडं नको पाहू," त्या म्हणाल्या. "तिचं ऐक पयले."

दीपमालाने झाकणांपासून सुरुवात केली. संध्याकाळी दोन्ही धुतली, उलटी लावली, सकाळी बाटली भरली. आतला आवाज वाढत चालला होता. पेटीतलं पाणी डोळ्यांदेखत खाली उतरत होतं, पहिल्या दगडाचा माथा उघडा पडला होता, आणि एकेक वाक्य पूर्ण करायला तिला आता ओरडावं लागत होतं.